डोक्याची गोळी सुरू झालीय? मग एक वहीही आणा

मी हरिपूरचा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर दिवाणजी आहे. एक पोतं इकडचं तिकडे झालं तरी संध्याकाळच्या रोजकीर्दीत मला ते सापडतं. पण स्वतःच्या गोळ्यांचा हिशोब मी पहिली चार-पाच वर्षं ठेवलाच नाही, आणि तो घोळ मला चांगलाच महागात पडला.

२०१५ साली मला नसलेले आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी आधी सायकोसिस म्हटलं, पुढे स्किझोफ्रेनिया. गोळी तेव्हापासून चालू आहे. दवाखान्यात हिला अँटिसायकोटिक म्हणतात, गावात 'डोक्याची गोळी' म्हणतात, आणि पाहुण्यांना सांगताना आई 'झोपेची गोळी' म्हणते. ही झोपेची गोळी नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. झोप येते ती या गोळीच्या जोडीने. आवाज, संशय, विचारांचा गुंता सुटायला बहुतेकांना चार ते सहा आठवडे लागतात. चौथ्या दिवशी 'नुसतं झोपवून ठेवलंय याला' म्हणून गोळी फेकून देणारी घरं मी पाहिली आहेत. आमचंही त्यातलंच.

मी डॉक्टर नाही. कोणती गोळी आणि किती पॉवरची, हे मी सांगणार नाही, तुम्हीही कुणा शेजाऱ्यापाजाऱ्याचं ऐकू नका. गोळी हातात पडल्यावर घरी काय काय करायचं असतं, तेवढंच लिहितो.

१. खुर्चीवरून उठण्याआधी चिठ्ठी वाचून घ्या

पहिल्या दिवशी डॉक्टर मला समजावून सांगत होत्या आणि माझं सगळं लक्ष वरच्या पंख्याकडे होतं, कारण तो माझ्याबद्दल बोलत होता. अशा अवस्थेतल्या माणसाच्या डोक्यात सूचना शिरत नाहीत. म्हणून सोबत एक माणूस न्या, आणि तो लिहून घेणारा असू द्या. नुसतं 'हो हो' म्हणणारा नको.

चिठ्ठीवरच्या खुणा अशा वाचायच्या. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ०-०-१ म्हणजे फक्त रात्री. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, एचएस म्हणजे झोपताना. एसओएस लिहिलं असेल तर ती गोळी रोजची नाही, गरज पडली तरच. पण ती गरज कशी ओळखायची आणि दिवसात जास्तीत जास्त किती चालतील, हे त्याच वेळी विचारा.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पुढच्या गोष्टी आपणहून सांगा: साखर, बीपी, हृदयाचा त्रास, फिट येणं, लिव्हरचा आजार, काचबिंदू, दिवस गेलेत का किंवा मूल हवंय का, दारू, विडी, तंबाखू, आणि सध्या चालू असलेलं प्रत्येक औषध. वैद्यांचा काढा आणि भावकीतल्या कुणी आणून दिलेली पुडीसुद्धा यात आली.

आता फाईल. मी साधी प्लॅस्टिकची, बटणाची घेतली. त्यात हे असतं:

- सगळ्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे, जुनी खाली नवी वर
- केसपेपर आणि दाखल झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड
- रक्ताचे आणि ईसीजीचे रिपोर्ट
- आधारची झेरॉक्स
- सध्याच्या गोळ्यांची नावं, पॉवर आणि वेळ लिहिलेला एक कागद
- पूर्वी न सोसलेल्या औषधांची नावं, ठळक अक्षरात

शेवटचा कागद सगळ्यात मोलाचा. माझ्या त्या कागदावर पहिलंच नाव हॅलोपेरिडॉलचं आहे. का, ते तिसऱ्या पायरीत येईल.

खर्च झेपत नसेल तर सांगलीच्या किंवा मिरजेच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागाचा केसपेपर काढा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून यातली बरीच औषधं मिळतात. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. तिथे ब्रँडचं नाव सांगून उपयोग नाही, औषधाचं मूळ नाव सांगावं लागतं. हे मूळ नाव कशासाठी लागतं, ते पुढच्या पायरीत बघा.

२. मेडिकलच्या काउंटरवर पाकीट ताडून घ्या

हॅलोपेरिडॉलनंतर मला ओलान्झापिन चालू होती, रात्री एक. एकदा दुकानात नेहमीच्या कंपनीचं पाकीट नव्हतं. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं दिलं. औषध तेच, पॉवर तीच, फक्त नाव वेगळं. त्याने तसं सांगितलंही असेल, पण आणायला गेला होता चुलत भाऊ, आणि त्याचा एक कान मोबाईलला. आईला वाटलं, डॉक्टरांनी नवी गोळी वाढवली. जुन्या पाकिटात सहा गोळ्या शिल्लक होत्या. सहा दिवस तिने मला दोन्ही दिल्या, अगदी न चुकता. मी दुपारी बारापर्यंत उठेना, उठलो की तोल जाई. सातव्या दिवशी जुनं पाकीट संपलं आणि मी सुधारलो. तेव्हा कुठे बहिणीने रिकामं आणि भरलेलं अशी दोन्ही पाकिटं शेजारी धरून बारीक अक्षरं वाचली.

ब्रँडच्या मोठ्या नावाखाली किंवा वर औषधाचं मूळ नाव लहान अक्षरात असतं: रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अरिपिप्राझोल, अमिसल्प्राइड, क्लोझापिन, किंवा जुन्यांपैकी ट्रायफ्लुओपेराझिन, हॅलोपेरिडॉल. दोन पाकिटांवर तेच मूळ नाव दिसलं तर थांबा आणि फोन करून विचारा. पाकिटावर दोन औषधांची नावं 'आणि' लावून असतील तर ती जोडगोळी आहे. रिस्पेरिडोनसोबत ट्रायहेक्सीफेनिडिल (थरथर, आखडणं आवरायला जोडीला देतात ते औषध) घातलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात. अशी जोडगोळी चालू असताना ट्रायहेक्सीफेनिडिलचं वेगळं पाकीटही घरात आलं तर तेच औषध दोनदा पोटात जातं.

त्यानंतर आकडा. २.५, ५ आणि १० यांत घोळ व्हायला एक टिंब पुरतं. तारीख बघा. आणि नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल तर ती गोळी मोडायची, चावायची किंवा कुटायची नाही. ती पोटात हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो. तोंडात विरघळणारी गोळी असेल तर पाकिटाचा कागद सोलून, कोरड्या हाताने काढा. नेहमीसारखी अंगठ्याने दाबलीत की तिचा भुगा होतो.

३. पहिले पंधरा दिवस

मला सुरुवातीला हॅलोपेरिडॉल दिली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान डावीकडे वळायला लागली. मी सरळ करायचो, ती पुन्हा वळायची. मग डोळे वर जाऊन तिथेच अडकले. आत्या म्हणाली, "हे बाहेरचं हाय, दवाखान्याचं न्हाई." लिंबू आणायला माणूससुद्धा गेला होता. नशीब, शेजारच्या काकांनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात एक इंजेक्शन दिलं, आणि अर्ध्या तासाच्या आत मान जागेवर आली. हा औषधाचा ओळखीचा परिणाम आहे. स्नायू एकदम आखडतात, विशेषतः तरुण मुलांत आणि पहिल्या काही दिवसांत. जबडा, जीभ, मान, डोळे यांपैकी काहीही आखडलं तर तडक दवाखाना. घशाचे स्नायू आखडून श्वास अडला तर जिवावर बेततं, त्यामुळे 'बघू सकाळी' असं म्हणू नका.

दुसरी गोष्ट यापेक्षा फसवी. आठ-दहा दिवसांनी माझे पाय एका जागी ठरेनात. बसलो की आतून कुणी तरी ढकलून उभं करायचं, उभा राहिलो की चालायला लावायचं. आडतीत हळदीच्या थप्प्यांमधून मी दिवसभर येरझाऱ्या घालायचो. मालक म्हणाले, "सौदा तुझा हाय का व्यापाऱ्याचा? बस की जरा." घरच्यांना वाटलं आजार वाढला, म्हणून गोळी वाढवून मागायला निघाले. खरं तर ही बेचैनीच गोळीने आणली होती. डॉक्टरांना शब्द नेमके सांगा: 'मन बेचैन आहे' असं मोघम न सांगता 'पाय ठरत नाहीत, बसवत नाही' असं सांगा. त्यावर उपाय असतात. डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा जोडीला दुसरं देतात. ही बेचैनी इतकी असह्य होते की जीव नकोसा वाटतो. तसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका.

बाकी साध्या गोष्टी. अंथरुणातून एकदम उठू नका. आधी बसा, पाय खाली सोडा, मग उभे राहा, कारण बीपी पटकन उतरतं आणि माणूस मोरीच्या उंबऱ्यावर पडतो. सुस्ती कशी आणि किती वेळ राहते हे कळेपर्यंत गाडी चालवू नका. कडबाकुट्टीजवळ, विहिरीच्या काठावर, मोटारीजवळ एकट्याने काम करू नका.

लगेच धावायची वेळ कोणती, ते एकदाच ध्यानात ठेवा:

- अंग लाकडासारखं ताठ, सोबत जोराचा ताप, घाम आणि भ्रमिष्टपणा. हा परिणाम क्वचित होतो पण प्राणघातक आहे. पुढची गोळी न देता रुग्णालय गाठा आणि तिथे 'डोक्याची गोळी चालू आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा. नाही तर साधा ताप समजून सलाईन लावतात.
- बेशुद्धी, फिट, छातीत धडधडून चक्कर.
- क्लोझापिन चालू असताना ताप किंवा घसा दुखणं.
- जास्त गोळ्या पोटात जाणं, मुद्दाम किंवा चुकून.

रुग्णवाहिकेला १०८. मन फार खचलं असेल किंवा रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

४. डबा, वेळ आणि वही

सात खणांचा डबा कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. रविवारी सकाळी भरायचा. डब्याचा खरा उपयोग आठवण करून देण्यापेक्षाही 'घेतली का नाही घेतली' हा वाद मिटवण्याचा आहे. हा वाद आमच्या घरात रोज व्हायचा, आणि आईचं समाधान होत नाही म्हणून मी कधी कधी दुसरी घ्यायचो. आता खण रिकामा तर घेतली.

वेळ एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा. मी रात्रीचा दात घासायचा ब्रश गोळीच्या डब्याशेजारी ठेवला. मोबाईलचा गजर माझ्या उपयोगी पडला नाही, तो बंद करून मी झोपायचो. सकाळी सुस्ती फार राहत असेल तर रात्रीची गोळी थोडी आधी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. माझी अकरावरून साडेआठवर आणली आणि सकाळची साडेनऊची आडत मला परत मिळाली. जेवणाचंही विचारा. बहुतेक गोळ्यांना फरक पडत नाही, पण लुरासिडोनसारखी गोळी पोटभर जेवणासोबतच घ्यायची असते. उपाशीपोटी ती अंगाला नीट लागत नाही. उपवास धरणाऱ्यांनी हे आधीच विचारून ठेवावं.

गोळी चुकली तर? थोड्या वेळात आठवलं तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन मिळून एकदम कधीच घेऊ नका. रात्रीची विसरलेली सकाळी घेतली तर दिवसभर पेंगाल, म्हणून आमच्या डॉक्टरांनी मला सरळ रात्रीपर्यंत थांबायला सांगितलं होतं. क्लोझापिनचं मात्र वेगळं आहे. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त चुकली तर जुन्या डोसवर परत चढायचं नाही. डॉक्टर ती अगदी कमीपासून पुन्हा सुरू करतात.

आणि वही. शंभर पानी, साधी. रोज एक ओळ: तारीख, गोळी घेतली का, झोप किती तास, काही त्रास. बस्स. माझी एक ओळ अशी आहे: '१४ मार्च. घेतली. ७ तास. उशी ओली.' या ओळीतल्या शेवटच्या दोन शब्दांमुळे पुढच्या भेटीत लाळेचा विषय निघाला. एरवी तो मी मेलो तरी काढला नसता.

५. जे सांगायला लाज वाटते, तेच आधी सांगा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. माणसं गोळी बंद करतात ती आजार कळत नाही म्हणून, असं घरचे समजतात. माझं तसं नव्हतं. माझं वजन ५८ चं ७४ झालं होतं. ओलान्झापिन घेतली की रात्री अकराला अशी भूक लागायची की भडंगाचं अख्खं पातेलं मी उभ्याने संपवायचो. शर्टाची बटणं लागेनात. यार्डातले हमाल 'दिवाणजीला पगारवाढ झाली' म्हणायला लागले. मी हसायचो आणि घरी येऊन गोळी अर्धी करायचो. कुणाला न सांगता. डॉक्टरांना वाटे दहाची चालू आहे, जात होती पाचची, कधी तीही नाही.

अखेर सांगितलं तेव्हा मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही हे वर्षभर आधी सांगितलं असतंत तर औषध तेव्हाच बदललं असतं." मग त्यांनी दोन-तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने मला अरिपिप्राझोलवर आणलं. प्रत्येकालाच हे औषध चालतं असं नाही. पण बदलाची सोय होती आणि मी गप्प होतो, ही चूक माझी.

तुम्ही गप्प राहू नये म्हणून यादीच देतो. यातलं काही होत असेल तर कागदावर लिहा आणि बोलवत नसेल तर कागद डॉक्टरांपुढे सरकवा. पाळी लांबणं किंवा बंद होणं, बाळ नसताना छातीतून दूध येणं. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइडवर हे जास्त दिसतं, मात्र पाळी चुकली म्हणजे गोळीमुळेच असं गृहीत धरू नका, दिवस राहिलेत का तेही तपासा. लैंगिक इच्छा कमी होणं, पुरुषांना ताठरता न येणं. हात थरथरणं, चेहरा मख्ख होणं, चाल आखडणं. झोपेत लाळ गळणं. मोठ्या काळानंतर ओठ-जीभ आपोआप चघळल्यासारखी हलणं. हे बहुधा घरच्यांना आधी दिसतं आणि लवकर सांगितलं तर बरं, कारण पुढे ते मुरतं.

आणि शौचाला खडा होणं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण क्लोझापिनवर आतडं ठप्प होऊन माणसं दगावली आहेत. दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही, फुगलं, दुखायला लागलं तर हरडा-इसबगोलावर निभावून नेऊ नका.

६. तपासण्या

गोळी सुरू करताना, मग तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून किमान एकदा: वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी साखर किंवा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, आणि कोलेस्टेरॉल. डॉक्टर सांगतील तर ईसीजी. वजन मात्र पहिले दीड महिना दर आठवड्याला घरीच करा. यार्डात काट्यांना काय तोटा, मी पोत्यांच्या काट्यावर उभा राहायचो. दोन-तीन आठवड्यांत काटा भराभर पुढे सरकत असेल तर तेव्हाच बोला, कारण चढलेलं वजन उतरवण्यापेक्षा चढतं थोपवणं सोपं. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल तर जास्तच सावध.

क्लोझापिन घेणाऱ्यांना पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी लागते, पुढे अंतर वाढतं. या गोळीने त्या पेशी घटू शकतात, म्हणूनच ताप किंवा घसा दुखला तर लगेच धावायचं. ही टाळायची सोय नाही. प्रयोगशाळेचा खर्च परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयात करून घ्या.

७. घरच्यांसाठी: चहातली गोळी

माझ्या आईने दोन महिने मला चहातून औषध दिलं. तिला दोष देत नाही. मी गोळी जिभेखाली दाबून मोरीत थुंकत होतो आणि ती बाई रात्र रात्र माझ्या उशाशी बसत होती. पण काय झालं ते सांगतो. एक दिवस कपाच्या तळाला पांढरा गाळ दिसला. आधीच मला वाटत होतं की घरातले माझ्यावर विषप्रयोग करतायत, आता पुरावाच मिळाला. त्यानंतर तीन आठवडे मी घरचा चहा घेतला नाही, आईच्या हातचं जेवलो नाही.

शिवाय चहातून डोस किती गेला हे कुणालाच कळत नाही. अर्धा कप उरला की अर्धी गोळी उरली. रिस्पेरिडोनचं पातळ औषध तर चहात किंवा कोलात मिसळूच नये असं कंपन्याच सांगतात, पाण्यात चालतं. आणि रुग्णाला चक्कर आली, मान आखडली तर तो बिचारा दवाखान्यात सांगणार काय? त्याला माहीतच नाही की तो काही घेतोय.

घेतच नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या असतात, काही आठवड्यांतून एकदा द्यायची इंजेक्शनं असतात. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आपल्या उपचारांची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. बरं असताना, पुन्हा आजार बळावला तर कसे उपचार हवेत आणि आपल्या वतीने कोण बोलेल, हे लिहून ठेवायची सोयही त्या कायद्यात आहे. मी बहिणीचं नाव दिलंय. आई रागावली होती थोडे दिवस.

आणखी एक. गोळ्यांचा साठा कपाटात, लहान मुलांच्या हाताबाहेर. आजारी माणूस मरणाच्या गोष्टी करत असेल तर साठा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे, कुलपात. आणि आपली गोळी कुणाला देऊ नका. 'मला पण झोप लागंना, एक दे की' म्हणणारा हमखास भेटतो. घरातल्या विस्मरण झालेल्या म्हाताऱ्या माणसाला तर मुळीच नको. अशा वृद्धांना या औषधांनी पक्षाघाताचा आणि जिवाचा धोका वाढतो, ती द्यायची का हे डॉक्टरच ठरवतील.

८. दारू, विडी, ऊन आणि दुसरी औषधं

दारूबद्दल लांबण लावत नाही. गोळीवर दारू म्हणजे दुप्पट गुंगी, आणि दारूसाठी गोळी चुकवणं हे त्याहून वाईट. यात्रेत हेच होतं.

विडी-सिगारेटचं थोडं समजून घ्या. धुरामुळे लिव्हर ओलान्झापिन आणि क्लोझापिन लवकर संपवतं. म्हणजे विडी ओढणाऱ्याला डोस त्या हिशोबाने बसलेला असतो. त्याने एकदम विडी सोडली तर तोच डोस अंगात जास्त साठतो. विडी जरूर सोडा, पण आधी डॉक्टरांना सांगा. हे काम धुराचं आहे, तंबाखू मळणाऱ्याला किंवा मिश्रीवाल्याला हा हिशोब लागू नाही. त्यांचे तोटे वेगळे.

मेडिकलवरून परस्पर औषध घेताना चालू गोळीचं नाव सांगा. जुलाबाला म्हणून घेतलेली सिप्रोफ्लॉक्सासिन क्लोझापिन-ओलान्झापिनची रक्तातली पातळी वाढवते. उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड मान आखडण्याचा, थरथरीचा त्रास वाढवते.

ऊन. मार्च-एप्रिलमध्ये हळदीची आवक जोरात आणि ऊन चाळिशीकडे. या गोळ्यांनी, त्यातही जोडीला ट्रायहेक्सीफेनिडिल असेल तर, घाम नीट येत नाही आणि अंग तापत जातं. डोक्याला टॉवेल, हाताशी पाणी, बारा ते चार सावली. द्राक्षबागेत आणि बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्यांनी मुकादमाला कारण न सांगता 'मला ऊन बाधतं' एवढं सांगितलं तरी चालतं.

९. पूर, वारी, लग्न: साठा पुढे ठेवा

ऑगस्ट २०१९. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, पाणी सगळ्यात आधी आमच्या दारात. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्याही वर गेलं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी तासगावला मावशीकडे. गोळ्या कपाटात, कपाट पाण्यात. नऊ दिवस गोळी नाही.

आणि मला काहीच झालं नाही. झोप जरा कमी, बस. उलट डोकं हलकं वाटलं. घरी परतून गाळ काढताना मी ठरवलं, आता कशाला घ्या? सप्टेंबर छान गेला. ऑक्टोबरात एका दुपारी वजनकाट्याच्या पलीकडून कुणी तरी माझं नाव घेतलं. तिथे कुणी नव्हतं. दिवाळी मी वॉर्डात काढली.

गोळी बंद केल्याचं फळ तिसऱ्या दिवशी मिळालं असतं तर कुणीच बंद केली नसती. ते आठवड्यांनी, महिन्यांनी येतं, आणि तोवर तुम्ही गावभर सांगितलेलं असतं की बघा, गोळीशिवाय ठणठणीत आहे.

आता आमच्या घरी मे महिन्यापासून एक पिशवी तयार असते: पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या, झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, चिठ्ठीची झेरॉक्स, तो नावांचा कागद. चिठ्ठीचा फोटो माझ्या, बहिणीच्या आणि मावशीच्या मोबाईलमध्ये. जुने संपतील तसे नवे भरायचे, तेच ते ठेवून तारीख उलटू द्यायची नाही. शेवटचं पाकीट फोडलं की त्याच दिवशी पुढची तारीख घ्या. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं तेव्हा पिशवी आईच्या खांद्यावर होती.

वारीला किंवा लांबच्या लग्नाला जाताना गोळ्या एसटीच्या टपावरच्या बॅगेत नको, अंगाजवळ. गाडीत, डिकीत उन्हात तापत ठेवू नका.

१०. बंद करायची असेल तर

इच्छा होणं चूक नाही. मलाही आहे. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटल्यानंतरही साधारण एक ते दोन वर्षं गोळी चालू ठेवायला सांगतात. आजार पुन्हा पुन्हा उलटला असेल तर जास्त, काहींना कायम. कमी करायची झाली तर काही महिन्यांत, पायरी पायरीने, आणि दर पायरीला भेट. एकदम थांबवली तर मळमळ, घाम, झोप उडणं असा त्रास वेगळाच होतो. बाईला दिवस गेल्याचं कळलं तरी घाबरून त्याच रात्री गोळी टाकू नये, आधी डॉक्टरांना फोन करावा.

वेळ निवडा. कामाचा हंगाम, घरातलं लग्न, परीक्षा, पुराचे महिने, यांत प्रयोग नको. उलटण्याच्या आपापल्या खुणा आधी लिहून घरच्या एका माणसाला द्या. माझ्या तीन आहेत: सलग दोन रात्री झोप नाही, मोबाईल बंद करून ठेवणं, आणि यार्डातून परत येताना रस्ता बदलणं. यातलं काही दिसलं तर बहीण मला विचारत बसणार नाही, थेट मॅडमना फोन करेल, असा आमचा करार आहे. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहिलाय, खाली दोघांच्या सह्या आहेत.

मी यंदा विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "हळदीचा हंगाम उरकू द्या, वही घेऊन या, मग बघू." पुढची तारीख मेमधली आहे.